‘पैसे गेले का?’ – चार सेकंदांच्या धाकधुकीचं डिझाइन

मंडईतली सकाळ. कोथिंबिरीची जुडी, पाव किलो भेंडी, चार लिंबं. झाले ४५ रुपये. मी क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला आणि फोनवर गोल चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी. मावशींनी पिशवीचा एक कान धरून ठेवलेला, दुसरा माझ्या हातात. त्या पिशवी सोडेनात, मीही सोडेना. मी फोनकडे बघतोय, त्या माझ्या तोंडाकडे. चार-पाच सेकंदच गेले असतील. मग त्यांच्या तागडीशेजारचा छोटा डबा बोलला, ‘पंचेचाळीस रुपये प्राप्त झाले’, आणि मावशींची बोटं सुटली.

माझं पोट मोबाइलच्या स्क्रीन आखण्यावर चालतं. त्यामुळे अशा वेळी भेंडी राहते बाजूला आणि मी स्वतःलाच तपासू लागतो. त्या चार सेकंदांत माझ्या मनात काय काय होऊन गेलं? मागच्या माणसांची थोडी लाज. नेटवर्कवर चिडचिड. पैसे खात्यातून कापले जातील आणि तिकडे पोहोचणार नाहीत, ही भीती. परत पाठवले तर दोनदा जातील, ही दुसरी भीती. आणि मावशींना मी लबाड वाटत असेन का, ही सगळ्यात बोचरी शंका. व्यवहार ४५ रुपयांचा, पण मनात केवढी उलाढाल!

वापरकर्त्याचा अनुभव, म्हणजे आमच्या धंद्यातलं ‘यूएक्स’, ते हेच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉन नॉर्मन ॲपल कंपनीत असताना हा शब्द रूढ झाला. बटण कुठे, रंग कोणता, अक्षर केवढं, एवढ्यापुरता तो शब्द नव्हता. वस्तू हातात घेतल्यापासून काम संपून ती विसरेपर्यंत माणसाचं जे काही होतं, ते सगळं त्यात येतं. नॉर्मन मुळात मानसशास्त्राचे अभ्यासक, हे लक्षात घेतलं की शब्द एवढा ऐसपैस का, ते कळतं.

तरी आमच्याकडे आजही एक समज पक्का आहे. आधी काम नीट चालू दे, मग भावनेचं बघू. म्हणजे हसरं चित्र, रंगीत कागदाचे तुकडे उडवणं, एखादा गोड संदेश, वगैरे. भावना म्हणजे शेवटी वरून भुरभुरायची कोथिंबीर. मला हे पटत नाही. माणूस स्क्रीन वाचतो तेव्हा तो कुठल्या मनःस्थितीत आहे, यावरच तो काय वाचणार आणि काय त्याच्या नजरेतून सुटणार हे ठरतं. यूपीआयइतकं याचं चांगलं उदाहरण दुसरं नाही, कारण ते आपण सगळेच रोज जगतो.

घाबरलेल्या माणसाला स्क्रीन छोटी दिसते

आधी थोडं यंत्रामागचं. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआयची सुरुवात झाली. चालवते एनपीसीआय, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, ही संस्था. तुम्ही पिन टाकता तेव्हा निरोप तुमच्या ॲपकडून एनपीसीआयकडे जातो, तिथून तुमच्या बँकेकडे, ती पैसे वजा करते, मग घेणाऱ्याच्या बँकेकडे, ती जमा करते, आणि ‘झालं’ हा निरोप उलट्या वाटेने परत येतो. एवढी पळापळ साधारण दोन-चार सेकंदांत होते, आणि ऑगस्ट २०२५मध्ये ती एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त वेळा झाली. यात कुठेही एक निरोप उशिरा आला, की तुमच्या ॲपला खरोखरच ठाऊक नसतं की पैसे पोहोचले की नाही. ॲप खोटं बोलत नसतं. त्यालाही वाट बघायची असते.

पण वाट बघणारा माणूस साधा राहिलेला नसतो. मन ताणलं गेलं की लक्षाचा परीघ आक्रसतो, हे मानसशास्त्रात जुनं आहे. ईस्टरब्रुक नावाच्या अभ्यासकाने १९५९ साली याची मांडणी केली होती: ताण वाढला की माणूस आजूबाजूच्या खुणा टिपेनासा होतो, फक्त मधली, सर्वांत ठळक गोष्ट त्याला दिसते. याचा सरळ अर्थ असा, की आपण स्क्रीनच्या तळाशी बारीक राखाडी अक्षरांत जो खुलासा लिहितो (‘पुन्हा पैसे पाठवू नका, थोडा वेळ थांबा’), तो ज्याला सर्वांत जास्त हवा त्यालाच दिसत नाही. निवांत बसून तपासणाऱ्या आमच्या टीमला मात्र तो छान दिसतो. बैठकीच्या खोलीत कुणाच्याही मागे दोन गिऱ्हाइकं उभी नसतात ना!

म्हणून अडकलेल्या व्यवहाराच्या स्क्रीनवर सर्वांत मोठ्या अक्षरांत काय असावं, हा सजावटीचा प्रश्न उरत नाही. ‘प्रक्रिया सुरू आहे’ हे यंत्राचं उत्तर झालं. माणसाचा प्रश्न वेगळा असतो: माझे पैसे कुठे आहेत, आणि आता मी काय करू? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९मध्ये याचे नियम घालून दिलेले आहेत. एकाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे वजा झाले पण जमा झाले नाहीत, तर ते जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराकडच्या व्यवहारात ही मुदत पाच दिवसांची. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. किती दिलासा देणारी माहिती आहे ही! आणि ती कुठे असते? बहुधा मदत विभागाच्या चौथ्या पानावर. ‘पैसे पोहोचले नाहीत तर जास्तीत जास्त पाच दिवसांत तुमच्या खात्यात परत येतील’ एवढं एक वाक्य त्या गोल चक्राखाली आलं, तर पुन्हा-पुन्हा बटण दाबणारी बोटं थांबतील, असं मला अनुभवावरून वाटतं.

भीतीच कशाला, आनंदही नजर अरुंद करतो. कुणीतरी जुनं कपाट विकायला काढतं. फोन येतो, ‘मी लगेच पैसे पाठवतो, तुम्ही फक्त मंजूर करा.’ प्रत्यक्षात तो ॲपवरून पैशांची मागणी पाठवतो. स्क्रीनवर रक्कम दिसते, माणूस खुशीत पिन टाकतो आणि पैसे यायच्या ऐवजी जातात. स्क्रीनवर ‘पैसे द्या’ असंच लिहिलेलं होतं. पण ‘पैसे येणार’ ही अपेक्षा डोक्यात पक्की बसली की डोळे तेवढंच वाचतात. पिन फक्त पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही, हे बँकांनी वर्षानुवर्षं सांगून पाहिलं. शेवटी एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैसे मागण्याची ती सोयच बंद केली. पाटी लावून लोक खड्ड्यात पडायचे थांबत नाहीत म्हटल्यावर खड्डा बुजवला. उशिरा का होईना, मला हे उत्तम डिझाइन वाटतं.

याची दुसरी बाजूही आहे. बरं वाटत असलं की माणूस बारीकसारीक अडचणी सहज माफ करतो. १९९५ साली जपानमध्ये कुरोसू आणि काशिमुरा या दोघांनी एटीएमच्या स्क्रीनचे २६ आराखडे लोकांना दाखवले. बटणं तीच, काम तेच, मांडणी तेवढी वेगळी. लोकांना जे आराखडे देखणे वाटले, तेच त्यांना वापरायलाही सोपे वाटले. इस्रायलमधल्या नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटलं, हे जपान्यांच्या सौंदर्यदृष्टीमुळे असणार, आपल्या लोकांना असल्या नखऱ्यांचं काय! त्यांनी तोच प्रयोग आपल्या देशात करून पाहिला, तर तिथे हा संबंध आणखी घट्ट निघाला. स्वच्छ धुतलेल्या ताटात वाढलेलं जेवण जास्त रुचकर लागतं, यावर खरं तर कुठल्याच आजीला प्रयोग करावा लागला नसता.

चक्र किती वेळ फिरलं, आणि किती वेळ फिरल्यासारखं वाटलं

घड्याळातला वेळ एक आणि मनातला वेळ दुसरा. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ साली सांगितलेले तीन आकडे आमच्यात पाढ्यांसारखे पाठ असतात. ०.१ सेकंदात उत्तर आलं तर आपणच ते घडवलं असं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचाराची तंद्री मोडत नाही. १० सेकंद झाले की लक्ष उडतं, माणूस दुसरीकडे बघायला लागतो. मंडईतले चार सेकंद यांच्या बरोबर मधले: लक्ष उडण्याइतके लांब नाहीत, पण जिवाला घोर लावायला पुरेसे.

त्याआधी १९८५मध्ये डेव्हिड मेस्टर यांनी रांगेत उभं राहण्याच्या मानसशास्त्रावर लिहिलं होतं. कारण न सांगितलेली वाट लांब वाटते. किती वेळ लागेल हे ठाऊक नसलेली वाट त्याहून लांब वाटते. काळजीने बघितलेली वाट सर्वांत लांब. फलाटावर इंडिकेटर बंद पडला की तीन मिनिटांची लोकलही येता येत नाही, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

म्हणून नुसतं गोल चक्र हे माझ्या मते आळशी डिझाइन आहे. ते एवढंच सांगतं की मी मेलेलो नाही. ‘तुमच्या बँकेतून पैसे निघाले’, ‘समोरच्या बँकेच्या उत्तराची वाट बघतोय’ अशा दोन पायऱ्या दाखवल्या तर वेळ तोच लागतो, पण मनाला धरायला काही मिळतं. रायन ब्यूएल आणि मायकेल नॉर्टन यांनी २०११ साली प्रवासाची तिकिटं शोधणाऱ्या साइटवर हे तपासलं. साइट नेमकं काय शोधते आहे ते दिसत राहिलं, तर लोकांना वाट बघायला लावणारी साइट काही वेळा तत्काळ उत्तर देणाऱ्या साइटपेक्षाही आवडली. उत्तरं दोन्हीकडे तीच होती! आपल्यासाठी कुणीतरी राबतंय, हे दिसलं की माणूस नरमतो. चहावाल्याने समोर आलं ठेचलं की आपण थांबतो, तसं.

यात चलाखीलाही वाव आहे. शेवटाकडे वेग घेणारी पट्टी लोकांना जास्त जलद वाटते, हे प्रयोगात दिसलं आहे. मग खरी गती न दाखवता पट्टी मुद्दाम तशी पळवावी का? मी पळवली आहे, खोटं कशाला सांगू. फाइल चढत असताना. पैशाच्या बाबतीत मात्र हात थरथरला. पैसे पोहोचण्याआधी हिरवी खूण दाखवणारी पट्टी म्हणजे लबाडीच.

शेवट महत्त्वाचा, हे कीर्तनकारांना माहीत असतंच, मानसशास्त्राने ते १९९३ साली थंड पाण्यात हात बुडवून तपासलं. डॅनियल काह्नेमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या पाण्यात हात ठेवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर ३० सेकंद जास्त, पण त्या जादा वेळात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केलं. पुन्हा कुठला प्रकार चालेल असं विचारल्यावर बहुसंख्यांनी लांबचा, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा प्रकार निवडला. आठवणीत राहतो तो कळस आणि शेवट. किती वेळ गेला याचा हिशेब मन ठेवत नाही. पैसे गेल्यावर येणारी मोठी हिरवी खूण, ती टिंग, ते नाव आणि रक्कम, हा सगळा शेवट आहे. तो चोख असला की मधले चार सेकंद सकाळच्या स्वप्नासारखे विरून जातात.

‘अवैध’ हा शब्द कुणी टाकला?

आता माझा आवडता, आणि चिडायचाही, विषय. स्क्रीनवरचं मराठी.

एका नात्यातल्या काकूंना वीजबिल भरायचं होतं. ग्राहक क्रमांकाचा एक आकडा चुकला. स्क्रीनवर लाल अक्षरांत उमटलं: ‘अवैध ग्राहक’. काकूंनी फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, ‘अरे, आपलं मीटर अवैध आहे का?’ हसू आलं, पण चूक कुणाची? इंग्रजीत तिथे जो शब्द असतो त्याचा रोख ‘हा आकडा चालत नाही’ एवढाच असतो. मराठीत ‘अवैध’ आपण कुठे वाचतो? अवैध दारू, अवैध वाळूउपसा, अवैध बांधकाम. पोलीस आल्याशिवाय तो शब्द येतच नाही. ‘हा क्रमांक सापडला नाही, एकदा तपासून बघा’ म्हटलं असतं तर काकूंनी चष्मा लावून आकडा सुधारला असता.

‘लाभार्थी’ही तसाच. सरकारी योजनेच्या यादीत नाव आलेला माणूस म्हणजे लाभार्थी. मी घरमालकाला भाडं पाठवतोय, तो कसला लाभार्थी! (असेलही म्हणा.) ‘ज्यांना पैसे पाठवायचे’ हे लांब आहे पण कळतं. आणि सर्वांवर कडी: ‘तुम्हाला हा व्यवहार रद्द करायचा आहे का?’ याखाली दोन बटणं, ‘ठीक’ आणि ‘रद्द करा’. आता रद्द करणं रद्द करायचं की व्यवहार रद्द करायचा? घाईतल्या माणसाने इथे नाणं उडवावं. बटणावर ‘हो, थांबवा’ आणि ‘नको, चालू ठेवा’ लिहायला कुणी हात धरले होते?

मराठीत आणखी एक पेच आहे जो इंग्रजीत आखणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतो. वापरणाऱ्याला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’? तरुणांसाठीच्या ॲपवाल्यांना ‘तू’ची सलगी हवी असते. पण ‘तू पिन विसरलास’ म्हणावं की ‘विसरलीस’? ‘तू’ म्हटलं की क्रियापद लगेच विचारतं, बाई की पुरुष? आणि ॲपला ते ठाऊक नसतं. मग ‘विसरलास/विसरलीस’ अशी तिरकी रेघ येते आणि सगळी सलगी सरकारी अर्जासारखी दिसायला लागते. ‘तुम्ही विसरलात’ मध्ये हा प्रश्नच येत नाही. शिवाय पैशाच्या गोष्टी ‘तुम्ही’ म्हणून केल्या की बऱ्या वाटतात. बँकेतला तिशीतला कारकून साठीच्या माणसाला ‘तू’ म्हणत नाही, मग त्याच्या खिशातल्या फोनने का म्हणावं?

चूक कुणाच्या माथी मारायची, हेही वाक्याच्या ठेवणीतच ठरतं. ‘तुम्ही चुकीचा पिन टाकला’ आणि ‘पिन जुळला नाही’ ही माहिती एकच. पण पहिल्या वाक्यात बोट दाखवलंय. तीन वेळा पिन चुकला की व्यवहार अडतो, या धास्तीने आधीच घाम फुटलेल्या माणसाला बोट दाखवून काय साधणार? मराठीला कर्मणी प्रयोगाची आणि ‘झालं’, ‘जुळलं’, ‘मिळालं’ अशा कर्ता न सांगणाऱ्या क्रियापदांची केवढी सोय आहे. घरात काच फुटली की आपण ‘फुटली’ म्हणतो, कुणी फोडली ते नंतर बघू. ॲपनेही तेवढी समज दाखवायला हरकत नाही.

रांगोळी मिळाली का रांगोळी?

२०१९ची दिवाळी आठवते का? गूगल पेवर दिवा, कंदील, झुमका, फूल आणि रांगोळी असे पाच शिक्के जमवायचे होते. पाचही जमले की २५१ रुपये. चार भराभर मिळायचे आणि रांगोळी काही केल्या यायची नाही. माणसं ओळखी-अनोळखींकडे रांगोळी मागत फिरत होती. २५१ रुपयांसाठी? छे. एक रिकामी जागा उरली होती, त्यासाठी.

काम संपत आलं की माणूस जास्त जोर लावतो, याला संशोधनात आधार आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या न्यून्स आणि द्रेझ यांच्या प्रयोगात गाडी धुण्याच्या एका केंद्रावर ग्राहकांना दोन प्रकारची कार्डं दिली. एकावर आठ शिक्के भरायचे. दुसऱ्यावर दहा भरायचे, पण दोन आधीच मारून दिलेले. मेहनत दोन्हीकडे आठच. पहिलं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं, दुसरं ३४ टक्के लोकांनी. ‘सुरुवात झालेली आहे’ ही भावना फुकटात दिली होती.

पैसे दिल्यावर मिळणारं खरवडायचं कार्डही याच कुळातलं. कधी पाच रुपये, कधी काहीच नाही. बक्षीस ठरलेलं असण्यापेक्षा अधूनमधून, अवचित मिळालं तर सवय जास्त घट्ट बसते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर दाखवून दिलं होतं. आपण कबुतर आहोत असं कुणाला वाटत नाही, पण अंगठा खरवडत राहतो.

आणि इथेच आमच्या धंद्याची पंचाईत सुरू होते. पैसे देताना माणसाला थोडं दुखतं, आणि ते दुखणं उपयोगी असतं. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेत बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. रोखीने पैसे द्यायचे असं सांगितलेल्यांपेक्षा क्रेडिट कार्डाने द्यायचे असं सांगितलेल्यांनी जवळजवळ दुप्पट बोली लावली. नोट हातातून सुटते ती दिसते. आकडा सुटलेला दिसत नाही. २०२२मध्ये आलेल्या यूपीआय लाइटमध्ये छोट्या रकमांना पिनही लागत नाही. सोय झाली यात वाद नाही, मीही वापरतो. पण महिनाअखेरीला ‘चहावर एवढे?’ असा प्रश्न पडतो तेव्हा तो न लागलेला पिन आठवतो. अडथळा काढणं म्हणजेच चांगलं डिझाइन, हे आम्ही शिकलो. कुठला अडथळा ठेवायचा, हे शिकायला वेळ लागतोय.

भावना कळली की तिचा गैरवापरही करता येतो. ‘फक्त दोनच शिल्लक!’ ही खोटी घाई. न मागता टोपलीत सरकवलेला विमा. घेताना एक बटण आणि सोडताना सात पायऱ्या. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१०मध्ये अशा डावपेचांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून असे १३ प्रकार नोंदवले. त्यातला एक प्रकार मला फार बोलका वाटतो: नकार देणाऱ्याला लाजवणं. विमानाचं तिकीट काढताना विमा नको म्हणायचं तर ‘मी असुरक्षितच राहीन’ अशा बटणावर बोट ठेवायला लावायचं. हे उदाहरण त्या सूचनांमध्येच दिलेलं आहे. पाहुणचारात ‘आमच्याकडचं आवडत नाही वाटतं’ म्हणून तिसरा लाडू वाढणाऱ्या मावशींची ही युक्ती. मावशी निदान लाडवाचे पैसे लावत नाहीत.

बोलणारा डबा

आता पुन्हा मंडईत. त्या डब्याला सगळे साउंडबॉक्स म्हणतात. २०१९च्या सुमारास पेटीएमने तो आणला, मग इतरही आले. आत एक सिमकार्ड, एक स्पीकर, बस. पैसे जमा झाले की मोठ्याने सांगायचं, मराठीतही.

तंत्र म्हणून यात काही थोर नाही. पैसे आल्याचा मेसेज विक्रेत्याच्या फोनवर आधीही येत होताच. पण तो बघायला ओल्या हातांनी फोन काढायचा, चष्मा शोधायचा, बँकेच्या दहा मेसेजमधून तो नेमका हुडकायचा. तोवर गिऱ्हाईक ‘गेले बघा’ म्हणून आपली स्क्रीन दाखवणार. ती स्क्रीन खरी की जुना फोटो? विचारावं तर गिऱ्हाइकाचा अपमान, न विचारावं तर आपलं नुकसान. हा पेच पैशाचा नव्हे, भिडेचा होता. डब्याने तो परस्पर सोडवला. आता कुणी कुणावर अविश्वास दाखवत नाही, दोघंही डब्याची वाट बघतात. गावात भांडण तोडायला तिसरा माणूस लागतो, तसा हा तिसरा.

प्रत्येक सोय इतकी सरळ बसत नाही. २०२५च्या मध्यापासून पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं नाव दाखवणं ॲपना बंधनकारक झालं. सुरक्षेसाठी उत्तम. पण पाटीवर एक नाव आणि फोनवर भलत्याच कुणाचं तरी, असं दिसलं की अंगठा अडखळतो. ‘हे कोण?’ ‘भाचा आहे माझा, त्याच्या नावाने खातंय.’ माहिती खरी आली आणि तिने नवी शंका आणली. ती शंका अजून तरी तोंडी बोलूनच सुटते.

गेल्या आठवड्यात मावशींकडे गेलो तर डबा दिसेना. ४५ रुपयेच झाले होते योगायोगाने. पिन टाकला, चक्र फिरलं, आणि बटाट्याच्या पोत्याखालून दबका आवाज आला, ‘पंचेचाळीस रुपये प्राप्त झाले’. मी विचारलं, बिघडला का? मावशींनी शेजारच्या गाळ्याकडे डोळ्यांनी खूण केली आणि हळूच म्हणाल्या, ‘तिला दिवसभर ऐकू जातं ना, माझा किती धंदा झाला ते.’